गुण जाईल

करी रोड,
१६ जानेवारी २०२५

तात्या,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तिळाच्या वड्या मिळाल्या. त्या वहिनींच्या हातच्याच असणार, कारण तू केल्या असत्यास तर माझा उरलासुरला दातही गेला असता.

पत्र बघून तू म्हणशील, गिरगाव ते करी रोड टॅक्सीने अर्धा तास नाही आणि ही बाई पोस्टाचं तिकीट चिकटवत बसते. अरे, तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या कानाच्या यंत्रापर्यंत पोचेतो आमचा मजला आणि खालचा मजला, दोघांनाही ऐकू जातं. मला जे सांगायचंय ते या घरात मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

आमचे हे गेल्यापासून मला धडधडीची गोळी चालू आहे, तुला ठाऊकच आहे. चार वर्षं रोज रात्री. आता परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बकुळाताई, ही गोळी जन्मभर घ्यायची नसते, आपण ती हळूहळू उतरवू. दिवाळीनंतर पाऊण केली, डिसेंबरात अर्धी. पुढे पाव होईल आणि मग सुटका. मी म्हटलं, चला, या वयात काहीतरी सुटतंय.

पण तात्या, गोळी उतरतेय आणि झोप चढतेय, हे कसं? दिवसभर डोळ्यांवर झापड. डाळीला फोडणी देताना डुलकी लागते. चालताना पाय भलतीकडे पडतो. आणि मागच्या आठवड्यात जे झालं ते लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. अक्षदाला शाळेतून आणायला गेले होते. शाळा सुटायची होती म्हणून फाटकाशेजारच्या बाकावर टेकले. जाग आली तेव्हा फाटक बंद आणि रस्ता रिकामा. पोरीने म्हणे आजीला हलवून हलवून पाहिलं आणि मग शहाण्यासारखी एकटीच घरी निघाली. सात वर्षांची पोर. पुलाखालच्या फुलवालीने ओळखलं म्हणून तिला धरून ठेवलं.

त्या दिवसापासून शाळा सुटली की अक्षदा डे-केअरला जाते. सूनबाई, नूपुर, मला एका शब्दाने बोलली नाही. राजेशही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मला या घरात दुसरं काम काय होतं सांग. पोरीला न्यायचं, आणायचं, रस्त्याने तिच्या बाईंची चहाडी ऐकायची. तेवढ्यासाठी मी सकाळी उठत होते. ते परत मिळावं म्हणून तर ही गोळी सोडायची घाई.

आता मुद्द्याचं. माझ्या गोळ्या नूपुरच्या कपाटात असतात. रात्री ती अर्धी तोडून माझ्या हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहते. ती अर्धीच असते हे मला कसं कळणार? तेव्हा चष्मा काढलेला असतो. आणि तिला पहिल्यापासून ते डे-केअर हवंच होतं, तिथे मुलांशी इंग्रजीत बोलतात. मी झोपाळू ठरले आणि तिचं काम आपोआप झालं. मी कुणावर आळ घेत नाही रे. पण मनात आलं ते तुला नाही तर कुणाला सांगू?

वहिनींना म्हणावं, त्यांनी सांगितलं तसंच सगळं चाललंय, काळजी नको.

तुझी,
बकुळा


गिरगाव,
२० जानेवारी

बकुळे,

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू आळ घेत नाहीस ते ठीक. ते काम माझ्यावर सोड.

शिवडीच्या गोदामात मी जन्म घालवला. तिथे पोती फुटायची, माल कमी भरायचा, आणि सगळे उंदराच्या नावाने बोटं मोडायचे. मी एकच विचारायचो, किल्ली कुणाकडे? उंदीर नेहमी किल्लीवाल्याच्या खिशातच सापडला. तुझ्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते तूच लिहिलंयस.

तुझं पत्र मी कालिंदीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. बाकावर तुला झोप लागल्याचं आलं तेव्हा तिने पानं केरात टाकली आणि देठ टोपलीत ठेवले. तुझ्यावर फार जीव आहे तिचा. मी विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणे, "माका काय कळता त्यातला." तुझा निरोपही दिला. काय सांगितलं होतंस गं बकुळेला, म्हटलं, तर म्हणाली, "देवाचा काय ता." बायकांच्या देवाधर्मात मी पडत नाही.

एक मात्र चांगलं चाललंय. कालिंदी हल्ली झोपते. आमचा पुष्कर बोटीवर चढला की तिची झोप उतरायची, सहा सहा महिने छताकडे बघत पडून असायची. त्यात हल्ली समुद्रावरच्या बातम्या ऐकतेसच तू. पण डिसेंबरात गावच्या जत्रेला जाऊन आली आणि देवाने ऐकलं म्हणायचं. आता माझ्याआधी घोरते.

तर ऐक. चोर पकडायचा तर माल अडवायचा. आठवडाभर ती गोळी गिळू नकोस. जिभेखाली धर, वरून पाणी पी, तोंड पुसायच्या मिषाने रुमालात काढ. झोप उडाली तर समज, जे काय आहे ते त्या गोळीतच आहे. नूपुरला सुगावा लागू देऊ नकोस. शिकलेल्या सुना गोड बोलतात, पण कोयंडा त्यांच्याच हातात असतो.

तुझा,
तात्या


करी रोड,
३० जानेवारी

तात्या,

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. हात स्थिर नाही.

तू सांगितलंस तसं केलं. गोळ्या रुमालातून खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत गेल्या. पहिले दोन-तीन दिवस झोप तशीच होती, उलट जास्त. म्हणजे गोळीतून नाही, मग जेवणातून असणार, असं माझ्या मनाने घेतलं. नंतर मात्र सगळं उलटंपालटं झालं. काळजाची अशी धडधड की ब्लाऊजवरून दिसावी. घाम सुटतो. कपबशी धरली की वाजते. काल लिफ्टचं दार बंद झालं आणि मला वाटलं, मी आता मरते. सोबत खालच्या मजल्यावरची बाई होती, तिने धरून घरी आणलं.

परवा डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, "ताई, याशिवाय आणखी काही औषध घेता का?" मी नाही म्हटलं. नूपुर शेजारीच बसलेली, तिच्या देखत गोळ्या थुंकल्याचं कसं सांगू? तेही सांगितलं नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला नाही असं वाटलं.

घरातही आता एकमेकींकडे बघणंच चाललंय. बुधवारी नूपुरने बांगड्याचं तिखलं केलं. ऑफिसातून येऊन, दमलेली असताना, फक्त मला आवडतं म्हणून. मी म्हटलं, मला नको, मी आमटीभात खाते. तिने ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पण मी तरी काय करू? मासळी मला चालत नाही सध्या.

अक्षदा डे-केअरमधून येते आणि माझ्यापासून लांब बसते. काल म्हणाली, "आजी, तुझे हात नाचतात." तात्या, मला भीती वाटते की एक दिवस हे सगळे मिळून मला कुठेतरी नेऊन ठेवतील आणि त्यात त्यांची चूकही नसेल.

वहिनींना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या जिवाला घोर लागेल.

बकुळा


गिरगाव,
४ फेब्रुवारी

चि. सौ. नूपुर हिस,

हे पत्र मुद्दाम तुझ्या दादरच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी पाठवलं असतं तर कुणाच्या हाती पडलं असतं ते सांगता येत नाही.

माझी बहीण दोन महिन्यांपूर्वी धडधाकट होती. आज तिला पेला धरवत नाही. तिच्या गोळ्या तुझ्या कपाटात, तिचं जेवण तुझ्या हातात. तिची नात मात्र तिच्या हातात नाही. मी जुना माणूस आहे, या तीन गोष्टी एका ओळीत आल्या की मला शिवडीचं गोदाम आठवतं. तू तिला काय देतेस आणि किती देतेस, हे मला लेखी कळव. राजेशला मध्ये घेऊ नकोस. तो बिचारा भोळा आहे.

आशीर्वाद आहेतच.

तात्यामामा


दादर,
७ फेब्रुवारी

ती. तात्यामामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी लंच-टाइममध्ये वाचलं आणि डबा न उघडता परत ठेवला. उत्तर देऊ नये असं वाटत होतं. पण आईंसाठी देते.

तुम्ही विचारलंत तर सांगते. डॉक्टर संघमित्रा मॅडमनी अर्धी गोळी लिहून दिली आहे, मी अर्धीच देते. समोर उभी राहते, कारण आई एकदा विसरून दोनदा घ्यायला निघाल्या होत्या. परवा तुळशीला पाणी घालताना मला कुंडीत अर्ध्या अर्ध्या गोळ्या दिसल्या, मातीत विरघळत असलेल्या. मी तशीच मॅडमना फोन करायला धावले. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी अशी एकदम तोडणं फार धोक्याचं असतं, फिटसुद्धा येऊ शकते. थरथर आणि घाम त्याचाच आहे. गोळी लगेच पुन्हा सुरू करायला लावली, आता राजेश स्वतः देतात. हे थुंकण्याचं आईंच्या डोक्यात आपणहून आलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्राची भाषा वाचल्यावर तर अजिबात वाटत नाही.

पण मॅडमना एक कोडं सुटत नाही. गोळी तोडली म्हणून थरथर, हे समजलं. त्याआधी महिनाभर ती भयंकर झोप कसली? अर्ध्या गोळीत माणूस रस्त्यावरच्या बाकावर असा झोपत नाही. त्यांनी आईंना विचारलं, मीही विचारलं. आई नाही म्हणतात.

आणि जेवणाचं. मामा, मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. डिसेंबरच्या शेवटापासून आई माझ्या हातचा मासा खात नाहीत. मार्गशीर्ष होता तोवर मी समजू शकत होते. आता फेब्रुवारी लागला. मासा नाही, सोलकढी नाही, लिंबू नाही. संकष्टीला भरली वांगी केली, तर वांगं बाजूला काढून ठेवलं. मालवणी बाई सोलकढीला नाही म्हणते, याचा अर्थ मी काय घ्यायचा? मी त्यात काहीतरी घालते, हाच ना? मी ताटावर बसून रडले नाही एवढंच. त्या माझ्या हातचं विश्वासाने घेतात ते फक्त रात्रीचं दूध, तेही देवघरातल्या डबीतला चिमूटभर अंगारा जिभेवर ठेवून झाल्यावर. देवाची राखण असल्याशिवाय सुनेचं दूधसुद्धा पोटात जात नाही.

डे-केअर मला हवं होतं असं तुम्हाला वाटतं. त्या दिवशी फोन आला तेव्हा मी मीटिंगमधून चप्पल न घालता निघाले होते. अक्षदा रोज विचारते, आजी मला न्यायला कधी येणार? आई बऱ्या होऊन तिला न्यायला जाव्यात यापेक्षा मला काही नको आहे. तुम्हाला खरं वाटलं तर वाटलं.

नूपुर


गिरगाव,
१० फेब्रुवारी

बकुळे,

नूपुरचं पत्र आलं. मी तिला काय लिहिलं होतं ते विचारू नकोस, मला आठवायची इच्छा नाही. गोळी थुंकायचा सल्ला मी दिला, तो मूर्खपणाचा होता. तुझ्या जिवाशी खेळलो मी. राजेश देईल ती गोळी मुकाट्याने गिळ.

आता माझ्या डोळ्याला डोळा देऊन वाच. मासे नाहीत, आंबट नाही, वांगं नाही. सुनेला वाटतं तू तिच्यावर संशय घेतेस. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी आडवा पडलो आणि मला तू दिसलीस, परकरातली, पिवळ्याजर्द डोळ्यांची. कावीळ झाली होती तुला, मे महिन्यात, गावी. वरच्या वाडीतल्या कोंडीरामच्या बापाने मुळी उगाळून दिली होती. भरल्या घरात सगळे मासे ओरपत होते आणि तू नुसता भात चिवडत होतीस. मासळी नाही, आंबट नाही, वांगं नाही. आणि चौथं पथ्य सगळ्यांत कडक, वाच्यता नाही. देणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्या कानाला कळलं की गुण जातो. आई शेजारणींना सांगायची, पोरीने नवस केलाय म्हणून.

त्या अंगाऱ्याच्या डबीत अंगारा नाही, बकुळे. त्यात कोंडीरामची पुडी आहे. बाप गेला, आता तो देतो, झोपेवरची आणि जिवाच्या शांतीची. गावात कोण नेत नाही त्याच्याकडून? डॉक्टरीणबाईंना तू औषध नाही म्हणालीस, कारण वाच्यता नको. आणि तुझ्या मते ते औषध थोडंच होतं, झाडाचं मूळ ते, त्याने काय अपाय होणार? पण रात्री त्यांची गोळी पोटात आणि वरून ही मुळी. दोन्ही झोपेची. पोरगी रस्त्याला लागली तेव्हा तुझ्या डोळ्यांवर दोन्हींचं वजन होतं.

तू मला काही सांगू नकोस. मी विचारतही नाही. शपथ जिभेला असते, हाताला नसते. सोमवारी परळला जाशील तेव्हा ती डबी फक्त बाईंच्या टेबलावर ठेव आणि गप्प बस.

राहता राहिलं, गावाहून ही पुडी तुझ्यापर्यंत आणली कुणी? ते मी शोधून काढणार. तुमच्या इमारतीत गाववाल्या बऱ्याच आहेत, एकेकीची चौकशी करतो. हे पत्र लिहून झाल्यावर कालिंदीला वाचून दाखवलं. अर्ध्यातच उठली, म्हणाली दूध उतू जातंय. दूध अजून यायचं होतं.

तात्या


करी रोड,
१३ फेब्रुवारी

तात्या,

तू काय लिहिलंस ते मी वाचलं. त्यावर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

टेबलावर ठेवणं म्हणजे सांगणंच की रे. तोंड मिटलं म्हणून कुणाला फसवायचं? माझ्या एकटीचं असतं तर मी आत्ता सगळं ओकले असते. माझी झोप गेली तर जाऊ दे, मला झोप नकोच आहे. पण एकाच हातून दोघींनी घेतलेलं असलं आणि एकीने वाच्यता केली, तर दुसरीचाही गुण जातो. त्या दुसरीला किती वर्षांनी डोळा लागायला लागलाय ते मला माहीत आहे. तिचं पोर समुद्रावर असतं.

इमारतीतल्या बायकांना त्रास देऊ नकोस. आणि हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस.

बकुळा


करी रोड,
१८ फेब्रुवारी

ती. तात्यामामांना नमस्कार.

मामी काल घरी आल्यावर तुमच्याशी किती बोलल्या असतील मला माहीत नाही, म्हणून झालं ते लिहिते.

परळला आमचा नंबर लागला. आई मॅडमसमोर बसल्या. उजवी मूठ मिटलेली, मांडीवर. मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. आईंनी मूठ उघडली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात दार ढकलून मामी आत आल्या. गिरगावातून एकट्या टॅक्सीने आलेल्या, धापा टाकत. बाहेरची बाई नंबर, नंबर म्हणत त्यांच्यामागे धावत होती. मामींनी कमरेची चंची सोडली, त्यातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

म्हणाल्या, "ह्यां मीच दिलंय हेंका. माझ्या हातान. जत्रेवरसून दोघींसाठी आणलंय. हेंचो काय दोष नाय."

आई ओरडल्या, "वहिनी, गप रवा. तुमचा गुण जाईत."

मामी म्हणाल्या, "जाऊ दे. पोर रस्त्यार गेला होता."

मग आईंची मूठ उघडली. त्यात अंगाऱ्याची डबी होती.

मामी पुढे म्हणाल्या, मी दीड महिना हेच घेतेय, मला काही झालं नाही, म्हणून मला वाटलं यांनाही चालेल. बकुळावन्सं झोपतात असं पत्रातून कळलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं, गुण आला म्हणून. मॅडमनी विचारलं, तुम्ही दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता? मामी म्हणाल्या, एकही नाही. मॅडम म्हणाल्या, फरक तिथेच आहे. तुमच्या अंगावर एकच चादर होती, यांच्या अंगावर दोन घोंगड्या. आईंनी तर गोळ्या थुंकल्या त्या दिवसांत घाबरून पुडी दुप्पट केली होती, हे आम्हाला तिथे कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी असतं असं नाही. यात कुठलं मूळ आहे, किती आहे, दुसरं काही कुटून घातलंय का, हे वास घेऊन मला सांगता येणार नाही, आणि पुडीमागे किती पडतं ते देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. लिव्हरसाठी दोघींचं रक्त तपासायला दिलंय. पुडी दोघींची बंद. आईंची गोळी अर्ध्यावरच राहील, थरथर पूर्ण जाईपर्यंत कमी करायची नाही, आणि मग आधीपेक्षाही सावकाश. मामींनाही झोपेसाठी बोलावलंय. त्या येतील असं मला वाटत नाही, तुम्ही आणा.

परत येताना आईंनी टॅक्सीत माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बांगड्यात काय नव्हतं गं, मला ठाऊक होतं." मला तेवढं पुरे आहे.

तुम्ही मला लिहिलेल्या पत्राबद्दल मी राजेशना बोललेली नाही. पण ते फाडलेलंही नाही.

नूपुर


गिरगाव,
२० फेब्रुवारी

चि. नूपुर,

फाडू नकोस. माझा माज वाढला की दाखवायला उपयोगी पडेल.

जन्मभर चोर धरले आणि माझ्याच उशीशेजारी पुडी होती, रोज रात्री. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी कालिंदीवर ओरडायला गेलो तर ती म्हणाली, "तुमका सांगितलं आसतंय तर सगळ्या गिरगावाक ऐकाक गेलं आसतं."

मी तुझ्यावर जो आळ घेतला त्याची मला लाज वाटते. आईला जप, हे मी तुला सांगायची गरज नव्हती.

तात्यामामा


करी रोड,
२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र तुमच्या नावाने आहे. तात्याला वाचायला देऊ नका, फार तर वास घेऊ द्या. अक्षदाची परीक्षा झाली की तिला घेऊन येईन म्हणते.

थरथर गेली. आता दिवसा डोळा लागत नाही. रक्ताचा कागदही चांगला आला. गोळी अजून अर्धीच आहे, पुढच्या महिन्यात कणभर उतरवू असं बाई म्हणाल्या. नूपुरच पुन्हा देते. आता ती आधी माझ्या नाकावर चष्मा चढवते आणि मगच गोळी तोडते. मी म्हटलं, अगं पुरे, तर म्हणते, नाही आई, बघून घ्या.

काल तिने ऑफिसला जाताना चपला घालत घालत, माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, आज अक्षदाला तुम्ही आणाल?" मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, बघते. शाळा सुटायच्या पुष्कळ आधी जाऊन फाटकाशी उभी राहिले. बाकावर बसले नाही. तिथल्या शिपायाने दोनदा म्हटलं, आजी बसा. मी म्हटलं, नको रे बाबा. पोर बाहेर आली, मला बघून थांबली, जवळ आली आणि आधी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग दप्तर माझ्याकडे दिलं. पुलापर्यंत तिच्या बाईंची चहाडी केली. फुलवालीने मोगऱ्याचा गजरा दिला, पैसे घेईना.

रात्री बांगड्याचं तिखलं होतं. मी तीन खाल्ले.

तुमचं कसं आहे ते तात्या लिहीत नाही. तुम्हीच लिहा. खरं लिहा.

बकुळा


गिरगाव,
६ एप्रिल

बकुळावन्संना कालिंदीचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

अक्षदाचं वाचून मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांचं विचाराल तर ते आता घरातली प्रत्येक डबी उघडून हुंगतात. परवा हिंग हुंगला आणि अर्धा तास शिंकत होते. मला विचारतात, आणखी काय लपवलंयस? मी म्हणते, तुमचं कानाचं यंत्र.

तुम्ही खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. माझा गुण गेला. बोलले त्याच दिवशी गेला. कोंडीराम म्हणाला होता तसंच झालं, की पुडी बंद झाली म्हणून झालं, ते मला कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात दुसरं. हे मला दोनदा घेऊन गेले तिकडे. बाई चांगल्या आहेत, गोळी देत नाहीत, बोलायला लावतात. पुष्करबद्दल विचारतात. मी सांगते. पण रात्री बोट डोळ्यांपुढून हलत नाही. पुष्करचा मेसेज येतो, त्यानंतर दुसऱ्याची वाट बघत पडते. मी सांगितलं त्याचं मला वाईट वाटत नाही हो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. फक्त झोप फार गोड होती, ती आठवते.

एक गंमत झाली. मागच्या गुरुवारी दुपारी शेजारची बाई शिवण घेऊन माझ्या खोलीत येऊन बसली होती, तेव्हा माझा थोडा डोळा लागला. ती उठून गेली तशी जाग आली. कुणी शेजारी जागं असलं की मला लागत असावी.

शाळेला सुट्टी लागली की दुपारच्या इकडे याल का? अक्षदालाही आणा. मासे मी आणीन.

कालिंदी


करी रोड,
९ एप्रिल

वहिनी,

सुट्टी कशाला लागायला हवी? रविवारी येते, आणि मग रोज सांगाल तेव्हा. नूपुरला सांगून ठेवलंय.

तुम्ही झोपा. मी जागी राहीन.

तुमची,
बकुळा